गिरणीत शिरून मन शोधणारा माणूस

१६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत एका सव्वीस वर्षांच्या जर्मन तरुणाने एक यंत्र दाखवलं. पास्कालच्या यंत्राला बेरीज-वजाबाकी जमत होती. हे गुणाकार-भागाकारही करणार होतं. ते अजून पुरतं तयार नव्हतं (डेमो म्हटलं की हे आलंच). त्या तरुणाचं नाव गॉटफ्रीड लायब्निझ. पुढे १७०३ मध्ये फक्त ० आणि १ वापरून अंकगणित कसं करायचं, यावर त्याने लेखही छापला. म्हणजे आम्हा कोड लिहिणाऱ्यांचा हा मूळपुरुषच.

आणि याच माणसाचं म्हणणं असं की यंत्राला मन असू शकत नाही, पण सगळ्या जगाच्या मुळाशी मात्र मनासारखंच काहीतरी आहे.

१७१४ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी, त्याने फ्रेंचमध्ये नव्वद छोटे परिच्छेद लिहिले. ‘मोनाडॉलॉजी’ म्हणून आज आपण ओळखतो ते हेच. त्यातला सतरावा परिच्छेद माझ्या डोक्यातून जात नाही. समजा, विचार करणारं, वेदना जाणवणारं एक यंत्र आहे. ते गिरणीएवढं मोठं करा आणि आत शिरा. काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. जाणीव कुठेच सापडणार नाही.

यावर माझ्यातला इंजिनियर लगेच हात वर करतो. प्रोसेसरच्या आत शिरलात तर तिथेही व्हिडिओ कॉल दिसणार नाही, ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना दिसतील. म्हणून कॉल चालूच नाही असं थोडंच आहे? पण मग लक्षात येतं की तो कॉल स्क्रीनसमोर बसलेल्या कुणाला तरी दिसतो. दात दुखतो तेव्हा स्क्रीनसमोर कोण बसलेलं असतं? चॅटबॉटला मन आहे का, यावर आज जे वाद चालतात ते फिरून फिरून याच गिरणीत येतात.

लायब्निझचं उत्तर सरळ होतं. मन तर आहे, आणि ते सुटे भाग जोडून बनत नाही. म्हणजे ज्याला भागच नाहीत अशा कशात तरी ते मुळातच असलं पाहिजे. त्या मूळ घटकाला तो ‘मोनाड’ म्हणतो. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे : चिदणू. त्याला आकार नाही, लांबी-रुंदी नाही. त्याच्याकडे असते जाणीव, आणि एका जाणिवेतून दुसरीकडे जाण्याची ओढ. दगड म्हणजे अशा चिदणूंचा नुसता ढीग. त्यांची जाणीव गाढ झोपेतल्या माणसासारखी पुसट. दगड तुमच्यावर रुसत वगैरे नाही.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. १६७६ मध्ये लायब्निझ डेल्फ्टला ल्यूवेनहूकला भेटला होता. पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव भिंगातून पाहणारा तो हाच. थेंबात जीव असतील तर त्या जिवांच्या आत आणखी का नसावेत?

पण याच निष्कर्षाला एक बाई त्याच्या आधी पोचली होती, आणि ती यंत्राच्या वाटेने आली नव्हती. ॲन कॉनवे. जन्म १६३१. बाई असल्याने विद्यापीठ बंद, म्हणून केंब्रिजच्या हेन्री मोरकडून पत्रांतून तत्त्वज्ञान शिकली. लहानपणापासून तिला भयंकर डोकेदुखी होती. रक्ताभिसरण शोधणारा हार्वीसुद्धा ती बरी करू शकला नाही. देकार्त म्हणत होता की शरीर म्हणजे निर्जीव पदार्थ, मन पूर्ण वेगळं. ॲनचा प्रश्न : दोघांत काहीच समान नसेल, तर शरीराला जखम झाल्यावर मनाला का दुखतं? तिच्या मते निर्जीव पदार्थ असं काही नाहीच. शरीर आणि मन एकाच जिवंत द्रव्याची कमी-जास्त रूपं आहेत.

ती १६७९ मध्ये गेली. मागे राहिलेल्या तिच्या वहीचं १६९० मध्ये ॲमस्टरडॅमला लॅटिन पुस्तक निघालं, तिच्या नावाशिवाय. मूळ इंग्रजी मजकूर हरवला; १६९२ ची इंग्रजी आवृत्ती लॅटिनवरून उलटी केलेली आहे. तरी १६९७ च्या एका पत्रात लायब्निझने तिचं नाव घेऊन लिहिलं की आपले विचार तिच्या विचारांच्या बरेच जवळचे आहेत.

एका जागी मात्र दोघं अगदी लांब आहेत. लायब्निझचे चिदणू बिनखिडक्यांचे : आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. एकाच वेळेला लावलेल्या दोन घड्याळांसारखे ते आपापले चालतात, आणि ताळमेळ देवाने आधीच बसवलेला असतो. ॲनच्या जगात प्रत्येक गोष्ट दुसरीला लागते, दुसरीमुळे बदलते, आणि दुखण्यातूनही. घड्याळांची युक्ती सुबक आहे, पण मला ॲनचं म्हणणं जास्त पटतं. तिच्या अंधाऱ्या खोलीत डोकं खरोखर दुखत होतं.