क्लचचे पेडल गेले, सवय राहिली

ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइलच्या १९४० सालच्या मोटारींना ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स मिळू लागला. जादा किंमत ५७ डॉलर. क्लचचे पेडल नाही, पुढचे चारही गिअर आपोआप पडणार! महायुद्धात तोच एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसला. रणगाड्यात टिकला, त्याला आपण काय इजा करणार, असे गिऱ्हाइकाला वाटले तर नवल नाही.

पण मंडळी, क्लच नाहीसा झालाच नव्हता. चकत्या आणि पट्टे बनून तो पेटीत, तेलात जाऊन बसला होता. तेलाच्या दाबाने आवळल्या जाताना या चकत्या क्षणभर घसरतात, तापतात. एका वेळचे ते तापणे किरकोळ असते. मात्र गाडी पुढे धावत असतानाच रिव्हर्स टाकला, तर तिचा सारा वेग त्यांना गिळावा लागतो. त्या जळू लागतात, तेल काळवंडते, करपट वास येतो.

गंमत म्हणजे, या सवयीला निर्मात्यांनीच हातभार लावला. बर्फात चाक रुतले की चालक गाडी पुढेमागे झुलवून बाहेर काढत. ते सोपे जावे म्हणून अनेक गाड्यांत ‘लो’ आणि ‘रिव्हर्स’ शेजारीशेजारी ठेवले होते. उतारावर ‘लो’ शोधणारा हात रिव्हर्सवर गेला, तर गिअरबॉक्सच काय, माणसेही धोक्यात. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या पुस्तकात या रचनेवर कोरडे ओढले. १९६८ पासून अमेरिकी नियमाने पुढचे गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल सक्तीचे केले. माझ्या मते हा नियम यंत्रापेक्षा माणसाचा हात ओळखून केलेला आहे.

आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर स्वस्त ‘एएमटी’ आली. तिच्यात तेलातला क्लच नाही. नेहमीचाच कोरडा क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. घाटातल्या कोंडीत आपण मात्र जुन्या हाफ क्लचच्या सवयीने नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढाला धरून ठेवतो. तेवढा वेळ क्लच घासत राहतो. हँडब्रेक ओढायला दोन सेकंद पुरतात. क्लच प्लेट बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.