जॅक्सन वध व त्यातील अंतःसंघर्ष

जॅक्सन वध व त्यातील अंतःसंघर्ष : नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी झालेला वध ही महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतिकार्यातील एक महत्त्वाची घटना होय. तिचा शेवट ठाणे येथील कारागृहात झाला.

जून १९०९ मध्ये गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी जॅक्सन यांनी पाठविले होते. त्याचा सूड घेण्याचे नाशिकच्या गुप्त मंडळातील तरुणांनी ठरविले. जॅक्सन यांची मुंबईस बदली झाल्याने हे कृत्य लवकर उरकणे भाग पडले. विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास ते आले असता, औरंगाबादेस शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे या किशोरवयीन विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे यांना जागीच पकडण्यात आले. वापरलेले पिस्तूल विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून पाठविलेल्या पिस्तुलांपैकी होते.

या घटनेतील नैतिक पेच जॅक्सन यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे अधिक तीव्र होतो. ते संस्कृतचे व्यासंगी असून मराठी जाणत. लोकसमजुतींविषयी त्यांनी जमविलेली सामग्री एंथोवेन यांनी पुढे संपादित केली. म्हणजे लक्ष्य झालेली व्यक्ती लोकांत मिसळणारा विद्वान होती व त्याच वेळी दडपशाही राबविणाऱ्या राजसत्तेची प्रतिनिधीही होती. दुसऱ्या बाजूस स्वतःचे प्राण देण्याची तयारी, घरच्यांची ओढ व सहकाऱ्यांशी इमान यांचा ताण तरुणांवर होता. हे इमान सर्वांनाच राखता आले नाही. पिस्तुले भारतात आणणारा चतुर्भुज अमीन पुढील खटल्यात माफीचा साक्षीदार झाला.

वधाच्या खटल्यात सात आरोपी होते. त्यांपैकी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे कारागृहात फाशी देण्यात आले. त्यांचे देह नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले नाहीत. नाशिक कटाच्या व्यापक खटल्यात अडतीस आरोपींपैकी सत्तावीस जण दोषी ठरले. विनायकराव सावरकरांनाही अंदमानास नेण्यापूर्वी याच कारागृहात ठेवण्यात आले होते. ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात त्या दिवसांचे वर्णन आहे.

अशा कृत्यामागील मनाचा वेध इंग्रजी कादंबरीने त्याच सुमारास घेण्यास आरंभ केला होता. जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी १९०७ मध्ये, तर ‘अंडर वेस्टर्न आइज’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डोरिस लेसिंग यांनी ‘द गुड टेररिस्ट’ (१९८५) मध्ये हाच विषय हाताळला. तथापि परकी सत्तेखालील तरुणाचा पेच स्वतंत्र देशातील असंतुष्टांच्या पेचाहून मूलतः भिन्न आहे. राज्यकर्त्यांनी ज्यास दहशतवाद म्हटले, त्यास येथील समाजाने हौतात्म्य मानले. या दोन्ही नावांमागे मारणारा व मरणारा अशी दोन माणसे होती, हे ध्यानी ठेवल्याखेरीज या घटनेचे यथार्थ आकलन होत नाही.