तळटीप १२ : अलायन्स मिशन

मजकुरातले ‘अलायन्स मिशन’ म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. वऱ्हाडात राबलेल्या या अमेरिकन मिशनचे मूळ न्यूयॉर्कमधल्या एका वादात आहे.

तिथल्या मध्यमवर्गीय प्रोटेस्टंटांना दारूबंदी, रविवारच्या शाळा, नेटका संसार यांतून गरिबांना सुधारायचे होते. पण पुष्कळ चर्चमध्ये बाके कुटुंबांना वार्षिक भाड्याने दिलेली असत. मजुराने बसायचे कुठे? अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन हे अशाच प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक. इटालियन वस्तीत प्रचार करून त्यांनी सुमारे शंभर स्थलांतरितांना चर्चच्या दारी आणले. मंडळीने त्यांना सामावून घ्यायला नाखुशी दाखवली. घरात बायकामुले असताना सिम्प्सन यांनी १८८१ मध्ये पगारावर पाणी सोडले आणि कोणालाही मोफत बसता येईल अशी उपासना सुरू केली. हे धैर्य थोडेथोडके नव्हते. पुढे १८८७ मध्ये त्यांनी दोन संस्था काढल्या. १८९७ मध्ये त्या एक होऊन हे मिशन बनले.

वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात या मिशनने अकोला आणि खामगाव इथे अनाथ मुलांना आसरा दिला.

धर्मप्रसाराला अग्रक्रम देऊनही मिशनने समाजसुधारणेकडे पाठ फिरवली नाही. मिशनच्याच जेनी फुलर यांनी बालविवाह आणि विधवांचे हाल यांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे.