कॉर्नवॉलिस आणि मराठे
बंगळूरचे चामराजपेट वसले १८९२ साली. त्याच्या शेजारचा किल्ला मात्र शंभर वर्षे आधी, २१ मार्च १७९१ रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून जिंकला होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला पराभूत झालेल्या या उमरावाने हिंदुस्थानात तलवारीला मुत्सद्देगिरीची जोड दिली. १७९० च्या तहाने पेशवे व निजाम त्याच्या पक्षात आले. पुढे हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी आणलेल्या रसदेवर त्याचे उपाशी सैन्य तगले. १७९२ मध्ये टिपूने गमावलेल्या अर्ध्या राज्यात पुणे दरबारालाही वाटा मिळाला. परंतु इंग्रजांना दक्षिणेत रोखू शकणारी एक सत्ता त्यामुळे दुबळी झाली. १८०२ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने फ्रान्सशी आमिआंचा तह केला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तैनाती फौज पत्करली.