हिप्परग्याची शाळा आणि निःशस्त्र लढा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी जिल्ह्याच्या इतिहासावर काही लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी आयुष्यभर खडू हाती धरलेला मनुष्य. तेव्हा एका शाळेपासूनच प्रारंभ करतो.

आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि निजाम इंग्रजांच्या छत्राखाली. म्हणजे प्रजेवर दुहेरी जोखड होते. राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूतून चाले; खाजगी शाळेस आणि सभेससुद्धा सरकारी परवानगी लागे. अशा काळात मुलांना मातृभाषेतून शिकविणे व स्वाभिमानाचे धडे देणे हीच मुळी एक शांततामय अवज्ञा होती.

कामगारनेते ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये या शाळेत आले. येथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते अंबाजोगाईस गेले व तेथेही शाळेच्याच कामास लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सेनापती असा वर्गातून घडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. २४ ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. पाठोपाठ स्वामीजीही कारागृहात गेले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडण्यास नकार दिला. त्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला. थांबण्यासही धैर्य लागते, हे त्या पिढीस ठाऊक होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि त्याच दिवशी हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. गावोगाव लोकांनी बंदी मोडून तिरंगा उभारला. सरकारचे अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली. विद्यार्थ्यांनी वर्गांवर व वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. रझाकारांचा जुलूम वाढल्यावर सरहद्दीवर सशस्त्र छावण्याही उभ्या राहिल्या, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. एकाच मातीत हिप्परग्याची शाळाही उगवली व रझवीही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेविली. येथपर्यंतची कथा मी प्रतिवर्षी वर्गात सांगत असे. पुढची सांगत नसे. ती आज सांगतो. विजयानंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशा असंख्य मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा केला. सर्वाधिक हानी झाल्याचे तिने नोंदविलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. त्याच अहवालात शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. माझ्या मते हे लोकच त्या लढ्याचे खरे सत्याग्रही. कारण सत्ता विरोधात असताना हात आवरणे कठीण असेल, पण सत्ता अनुकूल झाल्यावर तो आवरणे त्याहून कठीण.

'आपल्या ज्ञातीतील सत्याग्रहींची यादी द्यावी', असेही मला सुचविण्यात आले होते. ती मी दिलेली नाही. कारागृहाच्या कोठडीत ज्ञातीची भिंत नव्हती. आपण ती स्मरणिकेत का बांधावी? त्याऐवजी प्रत्येक कुटुंबास एक विनंती आहे. घरातील वृद्धांनी आपल्या वाडवडिलांकडून जे ऐकले असेल, ते या वर्षी वहीत लिहून घ्यावे. कोण तुरुंगात गेले ते लिहावे, कोणी कोणास आसरा दिला ते लिहावे, आणि कोणाचे घर आपल्यादेखत जळाले तेही लिहावे. सत्याचा आग्रह धरणाऱ्या पूर्वजांचे ऋण अर्धे सत्य सांगून फिटणार नाही.