सेवेचे तास

हायस्कूलात शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना परीक्षेबरोबर आणखी एक हिशेब द्यावा लागतो. कोठे आणि किती तास समाजसेवा केली, हा तो हिशेब. इस्रायलच्या शाळांतून ही योजना बरीच वर्षे ‘मेखुयावुत ईशीत’, म्हणजे व्यक्तिगत बांधिलकी, या नावाने चालत होती. २०१४ सालच्या शिक्षणसुधारणेपासून ती बगरूत प्रमाणपत्राची एक अटच झाली. ‘सक्तीने केलेली सेवा ती सेवा कसली?’ असा प्रश्न तेव्हापासून घरोघरी ऐकू येतो. हा प्रश्न जुना आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवते.

आपल्यापैकी जे भारतात शिकले त्यांना ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव व समाजसेवा यांना शिक्षणात स्थान द्यावे असे सुचविले, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे लांबलचक नाव रूढ केले. कॉलेजांत चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून, मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली, ती सक्ती १९६८ साली उठली. पाठोपाठ १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली.

कागदावर हे सारे सुंदर होते. प्रत्यक्षात काय होई, त्याचा एक दाखला माझाच आहे. आमच्या शाळेत श्रमदान शनिवारी असे. शब्बाथ असल्यामुळे वडील मला पाठवीत नसत. दुसरा वार द्यावा अशी विनंती त्यांनी केली, तर वर्षाअखेर माझ्या नावापुढे सगळ्या शनिवारांची हजेरी मांडलेली आढळली. कुदळीला हात न लावता मला चांगली श्रेणी मिळाली. मला आनंद झाला, पण वडिलांना झाला नाही. ते म्हणाले, “यांना काम नको होते, रकाना भरायचा होता.”

इतर देशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १९९२ साली हायस्कूलच्या मुलांना ७५ तासांची सेवा आवश्यक केली. सबंध राज्याने असा नियम करण्याची ती तेथे पहिलीच वेळ होती. कॅनडात ऑन्टारिओ प्रांताने १९९९ पासून ४० तास ठरविले. पेनसिल्व्हेनियातील एका शाळा-विभागाने ६० तासांची अट घातली, तेव्हा काही पालक कोर्टात गेले. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या घटनादुरुस्तीचा त्यांनी आधार घेतला. वरिष्ठ न्यायालयाने १९९३ साली तो मानला नाही. हे काम शिक्षणासाठी आहे, त्याला वेठबिगार म्हणता येणार नाही, असा निकालाचा आशय होता.

आपल्या समाजाकडे पाहावे तर हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली; तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १९१३ साली स्त्री मंडळ उभे राहिले. या मंडळींकडे तासांचा हिशेब कोणी मागितला नव्हता. मात्र एक गोष्ट विसरू नये. गरज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शाळेवाचून राहिलेले मूल शेजारच्याच खोलीत असे. आजच्या मुलाला ती गरज कोणीतरी दाखवावी लागते.

मी अनेक वर्षे नर्स म्हणून वॉर्डात काम केले. तास भरायला येणारी मुले मी पाहिली आहेत. बहुतेक जण आधी घड्याळाकडे पाहत. एकदा आपल्या समाजातील एक वृद्ध बाई दाखल होत्या. त्यांची हिब्रू आजारात हळूहळू गळून गेली होती. उरली होती ती मराठी. असे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत घडते : नंतर शिकलेली भाषा आधी जाते. त्या पाणी मागत आणि कोणाला कळत नसे. तास भरायला आलेल्या एका मुलाने माझ्याकडून ‘पाणी’, ‘दुखतं’, ‘थंडी’, ‘पुरे’ असे दहा-बारा शब्द हिब्रू अक्षरांत लिहून घेतले. तो आपल्या समाजाचा नव्हता. त्याचे तास संपल्यावरही तो काही आठवडे येत राहिला. मग परीक्षा आल्या आणि तो थांबला. त्यात मला काही गैर वाटले नाही.

माझे मत असे आहे की, सक्ती मुलाला दारापर्यंत आणते. आत खरे काम आणि वाट पाहणारा माणूस असेल तर सेवा घडते. नसेल तर केवळ रकाना भरतो. तो माणूस दाखविणे हे मुलांचे काम नव्हे, आपले आहे.

लोद, रामला, अश्दोद, दिमोना येथे आपले कितीतरी वृद्ध घरी किंवा बेत अवोतमध्ये आहेत. मराठी ऐकणारे त्यांच्याजवळ कमी होत चालले आहेत. प्रत्येक गावच्या मंडळाने अशा वृद्धांची यादी करावी, जवळच्या हायस्कूलला भेटावे, आणि मुलांचे तास येथे धरले जावेत अशी मागणी करावी. एखाद्या आजीने थालीपीठ कसे थापायचे हे सांगितले आणि नातीच्या वयाच्या मुलीने ते लिहून घेतले, तर तो तास दोघींच्याही हिशेबी जमा होईल. आणि सही करण्यापूर्वी आपण मोठ्यांनी एवढे पाहावे, की काम खरोखर झाले आहे.