हिप्पालसचा वारा आणि दिवेआगरचा किनारा

ग्रीक-रोमन निसर्गाला जिंकू पाहत आणि आपण त्यापुढे नमत होतो, ही विभागणी मला दिवेआगरच्या किनाऱ्यावर पटत नाही. ‘पेरिप्लस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, ग्रीक भाषेतले सागरमार्गाचे टिपण. त्यातले ‘सेमिल्ला’ म्हणजे दिवेआगरच्या उत्तरेचे चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भर समुद्र ओलांडत. या वाऱ्याला ग्रीकांनी हिप्पालस या तांडेलाचे नाव दिले. अरब आणि भारतीय दर्यावर्दींना तो आधीपासूनच परिचित होता. नावात माणसाचा विजय दिसतो, वेळापत्रकात नाही. जहाज आपल्या किनाऱ्याला लागे ते सप्टेंबरच्या सुमारास, वाऱ्याचा जोर ओसरल्यावर. परतीसाठी ईशान्य वाऱ्याची वाट पाहावीच लागे. आपला कोळीही पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवी आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच पाण्यात लोटी. रोमचा व्यापारी आणि इथला कोळी, दोघांचेही पंचांग वाराच ठरवत होता. यांत्रिक नौकांना वाऱ्याची पर्वा उरली नाही. म्हणून आता 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी सरकारला घालावी लागते.